राजूरचा घाट आणि लांबच्या प्रवासाची गाडी

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "तुम्ही घाटावरचे की घाटाखालचे?" अजिंठ्याच्या डोंगररांगेनं जिल्ह्याचे असे दोन भाग करून ठेवले आहेत. बुलढाणा शहर वर, सहाशे मीटरहून अधिक उंचीवर, हवेला गार. आम्ही मोताळ्याची माणसं खाली, काळ्या जमिनीत, कापूस-सोयाबीन-मक्याच्या शेजाराला, उन्हाळ्यात चांगली भाजून निघणारी. मोताळा तालुक्याचं गाव असलं तरी पसारा लहानच. मुंबई-नागपूर रेल्वेचं स्टेशन उत्तरेला मलकापूरला, तर जिल्ह्याच्या कचेऱ्या आणि मोठे दवाखाने दक्षिणेला बुलढाण्याला. हा सगळा रस्ता साधारण ४५ किलोमीटरचा आणि मोताळा जवळजवळ त्याच्या मध्यावर. आमचं निम्मं आयुष्य या रस्त्यावर जातं म्हणा ना!

राजूर गाव मागं पडलं की घाट सुरू होतो. खंडाळ्याच्या घाटाचं नाव याला नाही, पण पावसाळ्यात या नि बघा. सागाची झाडं हिरवीगार झालेली असतात, आणि खाली आपण सोडून आलेली शेतं चौकटीच्या लुगड्यासारखी पसरलेली दिसतात. फाल्गुनात पळस पेटतो, त्याची शोभा आणखी वेगळी.

हा घाट म्हणजे गाडीचा आणि चालवणाऱ्याचा परीक्षकच. आता समृद्धी महामार्ग आमच्याच जिल्ह्यातून, घाटावरून गेला आहे. त्या सरळ रस्त्यावर कोणतीही नवी गाडी वेगानं पळते. पण वेगाचं कौतुक वेगळं नि प्रवासाचं सुख वेगळं. मला हा फरक सासूबाईंमुळे कळला. त्यांना मणक्याचं दुखणं आहे. औषधोपचारासाठी दर महिन्याला बुलढाण्याला न्यावं लागतं, आणि आमचे हे नोकरीनिमित्त बाहेरगावी. म्हणून शाळेच्या अर्ध्या दिवसाच्या तासिका आटोपल्या की गाडी मीच काढते. गाडी साधीच, चार दारांची लहान. वळण जरा घाईनं घेतलं की मागून आवाज येतो, "सावकाश घे वं पोरी, दवाखाना कुठं पळून चालला?" गचका बसला तर त्या बोलत नाहीत, नुसते डोळे मिटून घेतात. ते आरशात दिसलं की माझाच जीव कळवळतो. प्रवास संपल्यावर आतला माणूस कसा उतरतो, यावर गाडी चांगली की वाईट ते ठरवावं, असं माझं मत तेव्हापासून झालं आहे.

आमच्या घरी पूर्वी मामंजींची पद्मिनी होती. तुमच्यापैकी कित्येकींच्या माहेरी-सासरी असेल. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ती तयार व्हायची. शेठ वालचंद हिराचंद यांनी ही कंपनी १९४४ साली काढली. गाडी मूळची इटलीतल्या तुरीन शहराच्या फियाट कंपनीची, 'अकराशे' नावाची. आपल्याकडे १९६४ पासून ती 'डिलाइट' म्हणून निघाली आणि १९७४ साली तिला चितोडच्या राणीचं नाव मिळालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, चाळीसच्या आसपास अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेला गिअर आणि पुढं सलग बाक. त्या बाकावर मधे एखादं पोर सहज मावायचं! मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

पद्मिनीनं आमचा घाट वर्षानुवर्षं चढला, पण तिची मागची दोन चाकं एकाच आखावर, खाली कमानपाटे. बैलगाडीचा आख आठवा. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्या बाजूच्या माणसालाही हेलकावा बसायचाच.

आता गंमत बघा. ज्या तुरीनमधून आपली ही साधी गाडी आली, त्याच शहरात, त्याच काळात, लान्चा नावाच्या दुसऱ्या कंपनीनं एक श्रीमंती गाडी बनवली. नाव ऑरेलिया बी-२० जीटी, साल १९५१. दोन दारं, मागं उतरत जाणारं छप्पर. अशा गाडीला कूपे म्हणतात. जीटी म्हणजे 'ग्रान तुरिझ्मो', आपल्या भाषेत 'मोठा प्रवास'. हे शब्द मोटारींना आधीही लावले जात, पण त्यांचा आजचा अर्थ प्रथम याच गाडीनं दाखवला, असं पुष्कळ जाणकार मानतात. दिवसभर डोंगरातून जोरात जा आणि संध्याकाळी न थकता उतरा, असा तो अर्थ. 'ऑरेलिया' हे प्राचीन रोमन लोकांनी बांधलेल्या एका रस्त्याचं नाव. गाडीला रस्त्याचं नाव द्यायचं, ही कल्पनाच मला फार आवडली.

या गाडीमागं एका बाईचाही हात आहे बरं का! कंपनीचे संस्थापक विन्चेन्झो लान्चा १९३७ साली वारले. त्यानंतर त्यांच्या पत्नी आदेले यांनी मुलगा जान्नी याच्यासह कारभार हाती घेतला आणि वित्तोरियो यानो या नामवंत इंजिनिअरला कंपनीत आणलं. यानोंच्या हाताखाली फ्रान्चेस्को दे विर्जिलिओ यांनी सहा सिलिंडरचं नवं इंजिन उभं केलं.

इंजिनाची गोष्ट सोपी करून सांगते. सहा सिलिंडर एका रांगेत मांडले तर इंजिन लांबलचक होतं. ते तीन-तीनच्या दोन ओळींत, अर्धवट उघडलेल्या पुस्तकासारखे तिरपे बसवले की लांबी निम्म्यावर येते. पण या मांडणीत थरथर फार. पुस्तक नेमकं किती उघडायचं, हे दे विर्जिलिओंनी गणितानं काढलं. साठ अंश! मग सहाही सिलिंडर सारख्या अंतरानं पेटू लागले आणि थरथर शमली. अशा रचनेचं इंजिन नेहमीच्या विक्रीच्या मोटारीत आलं ते ऑरेलियातच, १९५० साली, पहिल्यांदा. आज जगभर हीच मांडणी चालते.

दुसरी युक्ती वजनाची. पाण्याची कावड खांद्यावर घेणारा दोन्हीकडची भांडी सारखी ठेवतो, नाहीतर वळताना तोल जातो. बहुतेक गाड्यांत इंजिन, क्लच, गिअरपेटी सगळं पुढंच. लान्चानं इंजिन पुढं ठेवलं, पण क्लच आणि गिअरपेटी नेऊन मागच्या चाकांमध्ये बसवली. कावड समतोल झाली. चढावर मागच्या चाकांवर पुरेसा भार राहिला, वळणावर पुढचं तोंड जड होऊन बाहेर धावेनासं झालं. मागच्या ब्रेकचे ड्रमसुद्धा चाकांवरून काढून आत, गिअरपेटीपाशी लावले. पायात हलक्या चपला असल्या की पाऊल भरभर उचलतं ना? तसं चाक हलकं झालं की खड्ड्यातून लवकर सावरतं. शिवाय मागची दोन चाकं आधी एकमेकांपासून मोकळी होती, म्हणजे एकाचा गचका दुसऱ्याला नाही. पुढं इंजिनाची ताकद वाढली तशी ही मोकळीक जोराच्या वळणावर दगा देईल असं दिसलं. तेव्हा १९५४ च्या सुमारास त्यांनी चाकं एका नळीनं पुन्हा जोडली, पण गिअरपेटीचं ओझं सांगाड्यावरच ठेवलं.

आणखी एक नवल. इटलीत गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, तरी लान्चाचं स्टिअरिंग वर्षानुवर्षं उजव्या हातालाच राहिलं. डोंगरात रस्त्याची कड, म्हणजे दरी, चालकाला नीट दिसावी म्हणून ते तसं ठेवत, असं कारण सांगतात. घाटात गाडी चालवणारीला हे वेगळं समजावून सांगायला नको!

पहिल्या बी-२० चं इंजिन अवघं १९९१ सीसीचं, ७५ अश्वशक्तीचं. तरीही १९५१ च्या 'मिले मिलिया' शर्यतीत, ब्रेशा ते रोम आणि परत अशा सुमारे सोळाशे किलोमीटरांत, जोव्हानी ब्राक्को आणि उंबेर्तो मालियोली यांनी ती एकूण दुसरी आणली. पुढं होती फक्त एक फेरारी, तीही दुपटीहून मोठ्या इंजिनाची. १९५४ साली चोपन्न वर्षांच्या लुई शिरों यांनी याच गाडीच्या मोठ्या इंजिनाच्या आवृत्तीनं मोंटे कार्लोची हिवाळी रॅली जिंकली. नुसता जोर असता तर हे जमलं नसतं. दमवत नाही अशी गाडी शेवटी पुढं निघते.

पण सगळं गोडच झालं असं नाही. इतकं निगुतीनं केलेलं काम महाग पडलं, वर शर्यतींचा खर्च. १९५५ च्या सुमारास कंपनी लान्चा घराण्याच्या हातून गेली आणि १९६९ साली ती फियाटनंच विकत घेतली. बी-२० कूपे १९५८ पर्यंत निघाल्या, पण चार हजारही नाहीत. आता त्या संग्राहकांकडे जपल्या जातात. साध्या 'अकराशे'नं मात्र आपल्याकडे लग्नाची वऱ्हाडं वाहिली, बाळंतिणी दवाखान्यात पोचवल्या. मला दोघींचंही कौतुक वाटतं. एकीनं प्रवासात माणसाला किती सुख देता येतं ते दाखवलं, दुसरीनं प्रवासच दारात आणून दिला.

तशी ऑरेलिया काही आपल्या अंगणात येणार नाही. आली तरी तिची मागची बैठक इतकी लहान, की सासूबाईंना पुढंच बसवावं लागेल! पण तिची शिकवण आपल्या कोणत्याही गाडीला लागू पडते. तोल राखा, गचका टाळा, घाई करू नका. म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी सांगते.

घाट ज्या गिअरमध्ये चढता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनच गाडीला आवरतं आणि ब्रेक तापून निकामी व्हायची भीती राहत नाही. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका. सामान एका बाजूला रचू नका, जड पिशवी खाली आणि मधोमध ठेवा. चाकांतली हवा निघण्यापूर्वी बघा, कारण हवा जास्त झाली की गचका वाढतो. गाडी गरम झाली तर बाजूला घेऊन थंड होऊ द्या, तापलेल्या रेडिएटरचं झाकण मुळीच उघडू नका. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढं बसवा, लांबवर रस्त्याकडे बघायला सांगा, मुलांच्या हातात पुस्तक किंवा मोबाइल देऊ नका. निघताना पोट रिकामंही नको नि गच्च भरलेलंही नको. आलेपाकाची वडी डब्यात असू द्या.

कधी मलकापूर स्टेशनवर उतरून बुलढाण्याकडे निघालात, तर मोताळ्यात घोटभर चहा घ्या नि मग घाटाला लागा. वर पोचल्यावर मागं बसलेल्या माणसाकडे एकदा वळून बघा. त्याला डोळा लागला असेल, तर तुमची गाडी आणि तुमचा हात, दोन्ही पास झाले म्हणून समजा.