बेन्सन रोडवरील रात्र

हुतात्म्याच्या कबरीपाशी रात्री जागून प्रार्थना करण्याची ख्रिस्ती लोकांची रीत फार जुनी आहे. फादर स्टॅन स्वामी यांच्या बाबतीत ती पाळता येत नाही, कारण त्यांना कबरच नाही. ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत ते गेले. कोविडच्या त्या दिवसांत देहाचे दहन झाले. म्हणून मी रात्री अकरानंतर बेंगळुरूच्या बेन्सन रोडवरील इंडियन सोशल इन्स्टिट्यूटसमोर जाऊन उभा राहिलो. १९७५ ते १९८६ या काळात ते या संस्थेचे संचालक होते. फाटक बंद, रस्ता निर्मनुष्य.

चर्चने त्यांना हुतात्मा घोषित केलेले नाही. त्यांचे सोबती तसे मानतात. एल्गार परिषद प्रकरणातील आरोप त्यांनी नाकारले होते आणि खटला उभा राहण्यापूर्वीच ते वारले, तेव्हा दोषी की निर्दोष हे न्यायालयाकडून कधीच ठरणार नाही. मला तिथे आठवत राहिली ती एक फुटकळ वस्तू.

८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीत अटक झाली तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. कंपवातामुळे पेला हातात ठरत नसे. तळोजा कारागृहातून ६ नोव्हेंबरला त्यांनी स्ट्रॉ आणि सिपरसाठी विशेष न्यायालयात अर्ज केला. तपास यंत्रणेने म्हणणे मांडण्यास २० दिवस मागितले. २६ नोव्हेंबरला उत्तर आले की, या वस्तू आम्ही जप्त केलेल्याच नाहीत. पुढची तारीख ४ डिसेंबर.

आम्हा सरकारी माणसांना यात काही नवल वाटत नाही, हेच खरे भयंकर. 'अभिप्राय मागविण्यात यावा' हा शेरा आम्ही दिवसातून दहा वेळा मारतो. तो नियमबाह्य नसतो. त्यामुळे कोणाची झोपही उडत नाही. वास्तविक वैद्यकीय अधिकाऱ्याच्या दोन ओळींवर निकालात निघावी अशी ही बाब. (लोक टपालाने तुरुंगाकडे सिपर धाडू लागले होते. प्रशासनाचा याहून सभ्य उपहास माझ्या पाहण्यात नाही.) अखेर कारागृहाने ती वस्तू दिली.

जामीन मार्च २०२१ मध्ये नाकारला गेला. २८ मे रोजी उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलविण्यात आले. जामिनाचे प्रकरण ५ जुलैला दुपारी सुनावणीस होते. डॉक्टरांनी न्यायालयाला सांगितले की, १ वाजून २४ मिनिटांनी त्यांचे निधन झाले.