पोकरचं पुस्तक घेताय? आधी समोर कोण बसतंय ते बघा

गणपतीत पेण-रोह्याकडच्या घरांत रात्री पत्ते निघतातच. मेंढीकोट, रमी, तीन पत्ती हे आपलं जुनं. आमच्या भावंडांत आता पोकर शिरलाय (अर्थात चिंचोके लावून!). मी सॉफ्टवेअरवाला, म्हणजे गणित येणारच, या समजुतीने सगळे मलाच विचारतात, "दादा, पुस्तक कुठलं घेऊ?"

माझा उलटा प्रश्न ठरलेला. बाबा रे, तू खेळतोस कोणाशी?

अगदी नवशिके असाल तर एड मिलरचं 'गेटिंग स्टार्टेड इन होल्डेम' (२००५) पुरे. पॅक कधी करायचं एवढं कळलं तरी निम्मं काम झालं. मग हिशोब. समजा चार बदाम जमलेत, पाचवा हवाय आणि एकच पत्ता उघडायचा राहिलाय. न दिसलेले पत्ते ४६, त्यात बदाम ९. म्हणजे साधारण पाचांत एकदा लागणार. तेव्हा २० चिंचोके टाकायचे तर मधे किमान ८३ तरी हवेत. हे सगळं डेव्हिड स्क्लान्स्कीच्या 'द थिअरी ऑफ पोकर'मध्ये नीट समजावलंय. टूर्नामेंट खेळणाऱ्यांनी 'हॅरिंग्टन ऑन होल्डेम' (पहिला खंड २००४) घ्यावं.

बिल चेन आणि जेरॉड अँकनमनचं 'द मॅथेमॅटिक्स ऑफ पोकर' (२००६) मात्र सगळ्यात शेवटी. माझ्या रोह्याच्या आतेभावाने नेमकं तेच आधी उचललं. ब्लफ किती वेळा मारायचा, सगळी प्रमाणं पाठ! पुस्तकाचं गणित चूक नाही हो. पण समोरचाही विचार करून खेळतो, हे त्यात धरलेलं असतं. आमच्या ओटीवर पॅक कोणी करतच नाही. आत्या तर "बघू तरी काय आहे" म्हणत शेवटपर्यंत चाल देते. तिथे ब्लफ मारून काय होणार?

चिंचोके गेले तोवर सगळे हसलो. मग हा गडी गोव्याला कसिनोत गेला. समोर सुट्टीवर आलेली, तशीच "बघू तरी" म्हणणारी माणसं. ४० हजार ठेवून आला. घराचा हप्ता थकला, वहिनी कितीतरी दिवस धड बोलली नाही.

थोडक्यात काय, आपली पातळी किती वर्षं खेळलो यावरून ठरत नाही, समोरचा किती विचार करतो यावरून ठरते. सगळेच शेवटपर्यंत थांबत असतील तर चांगले पत्ते येईतो गप्प बसा, आले की चाल वाढवा. एवढ्याला पहिलं पुस्तक पुरतं.

बाकी पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी आलीय. चिंचोक्यांना अजून तरी नाही :)