वळवाच्या रात्री, खिडकीतून

प्रिय चिऊ,

वळीव कोसळत असताना तू कॅमेरा घेऊन गच्चीवर गेलीस, हे ताईने फोनवर सांगितलं. वीज हुकली म्हणून तू रडकुंडीला आलीस म्हणे. तू सुखरूप आहेस हे ऐकून मी मात्र हात जोडले.

अगं, वीज दिसल्यावर बटण दाबलं तर ती हातची गेलेलीच असते. शटर आधीच उघडं हवं. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ 100, अ‍ॅपर्चर एफ/8, शटर 15 सेकंद. लांबच्या दिव्यावर फोकस धरायचा, ऑटोफोकस बंद करायचा आणि एकामागून एक फोटो घेत राहायचं. बहुतेक काळे निघतील, ते पुसून टाक. वीज क्षणात संपते, त्यामुळे शटर कितीही वेळ उघडं ठेवलं तरी तिचा उजेड वाढत नाही. तो आवरायचा अ‍ॅपर्चरने. पांढरीफटक आली तर एफ/11 कर. शटरने ठरतो तो गावातल्या दिव्यांचा नि ढगांचा उजेड.

पूर्वी चित्रकार वीज करवतीच्या दात्यांसारखी काढत. 1882 साली फिलाडेल्फियात विल्यम जेनिंग्जने तिचा फोटो घेतला, तर काचेवर उमटली फाटे फुटलेली, झाडाच्या मुळांसारखी. तुझ्या फोटोत मला ती मुळं बघायची आहेत.

पाऊस मात्र वेगळ्या वेळी घे. रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात, मागे काळोख असेल तिथे धारा दिसतात. टपोरा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर खाली येतो. 1/125 ला त्याची बोटभर रेघ उमटते, 1/1000 ला थेंब जवळजवळ थेंबच राहतो.

पण हे सगळं घरातून. एकदा औशाजवळच्या माळावर मी ट्रायपॉड लावून उभा होतो. लखलखाट आणि गडगडाट यांत तीन सेकंदांचं अंतर म्हणजे वीज एक किलोमीटरवर, हे मला पाठ होतं, तरी मोजत मोजत थांबलो. मग दंडावरचे केस ताठ उभे राहिले. कॅमेरा तिथेच टाकून जीपकडे पळालो, दारं-काचा लावल्या आणि लोखंडाला कुठेही हात न लावता अंग चोरून बसलो. वीज कुठे पडली ते पाहिलंच नाही. ताईला हे आजवर सांगितलेलं नाही.

तेव्हा खिडकी बंद, खोलीतले दिवे बंद, काचेपासून चार हात मागे ट्रायपॉड. फोटोत गज आले तरी येऊ देत. पहिला फोटो मला पाठव, काळा निघाला तरी.

तुझा,
मामा