पित्त, परहेज आणि सब्र

माझ्या लेकीच्या अंगावर पहिल्यांदा गांधी उठल्या तेव्हा ती दीड वर्षाची होती. मगरिबनंतर मांडीवर घेतले, तर पाठ लालभडक, ठिकठिकाणी फुगलेली. सकाळी काहीच नव्हते. संध्याकाळी पुन्हा पोटावर आणि मांड्यांवर.

जुन्या नाशकात शेजार जवळचा. सासूबाईंनी आमसुलाचे पाणी लावले, दुआ पढून दम केला. शेजारच्या खाला म्हणाल्या, "अंडं बंद कर." कुणी द्राक्षांवर संशय घेतला, कुणी शेंगदाण्यांवर. एकेक करत अंडी, मासे, दूध, सगळे बंद झाले. गांधी थांबल्या नाहीत. दोन महिन्यांत लेकीचे वजन मात्र उतरले.

बालरोगतज्ज्ञांनी आधी तिला काट्यावर ठेवले आणि मला विचारले, "हिला उपाशी का ठेवताय?" मला रडू आले.

मग त्यांनी शांतपणे समजावले. आपण याला पित्त म्हणतो, पण पोटातल्या पित्ताशी याचा संबंध नाही. त्वचेतल्या काही पेशी हिस्टामिन सोडतात, त्यामुळे खाज आणि सूज येते. एक गांध साधारण 24 तासांत जिरते, दुसरीकडे नवी उठते. असे 6 आठवड्यांहून जास्त चालले तर तो जुनाट प्रकार. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. बहुतेक मुलांत बाहेरचे कारण सापडतच नाही. अन्नाची ॲलर्जी असती तर तो पदार्थ खाल्ल्यावर बहुधा दोन तासांच्या आत, आणि पुन्हा पुन्हा, त्रास दिसला असता.

त्यांनी झोप न आणणारे औषध वजनाप्रमाणे ठरवून दिले. गांधी नसल्या तरी रोज द्यायचे, मनाने थांबवायचे नाही. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, मूल मलूल पडले तर थेट दवाखाना. डाग दिवसभराहून जास्त टिकले, काळेनिळे पडले, सोबत ताप किंवा सांधेदुखी असली, तरी दाखवायचे.

"हे कधी जाईल, डॉक्टरसाहेब?"

"तारीख सांगता येणार नाही. पण पुष्कळ मुलांचे काही वर्षांत आपोआप थांबते."

त्या रात्री सासूबाईंनीच स्वतःच्या हाताने नातीला अंडे भरवले. म्हणाल्या, "मीच घाबरले होते गं."

लेक आता चार वर्षांची आहे. सर्दी-तापात अजून गांधी उठतात, पण महिन्या-महिन्याच्या अंतराने. डॉक्टरांनी औषध कमी केले आहे. वजन भरले आहे, अल्हम्दुलिल्लाह. ईदला तिने शीरखुर्म्याची वाटी चाटूनपुसून संपवली.

आजारासोबत अल्लाहने शिफाही ठेवली आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आले. शिफा येईपर्यंतचे दिवस कसे काढायचे, ते लेकीने शिकवले. दुआ करावी, औषध वेळेवर द्यावे आणि मुलाचे ताट भरलेले ठेवावे. माझ्यासारखी घाबरलेली एखादी आई हे वाचत असेल, तर बहिणी, गुन्हेगार शोधत बसू नकोस. पोरीला जेवू घाल.