शिळेवरील नांव

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें विलायतेहून पाठविलेल्या चित्रसंग्रहांत टर्नर ह्या इंग्रज चित्रकाराचें एक जलरंगी चित्र आहे. मूळ चित्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें असून, तें १७९६ सालीं रॉयल अकादमीच्या प्रदर्शनांत मांडलें होतें. ज्या वेस्टमिन्स्टर ॲबींत १०६६ पासून इंग्लंडच्या राजांना राज्याभिषेक होत आले, तेथीलच एका उपमंदिराचा हा अंतर्भाग. उंच कमानी, कोरीव दगडकाम, वरून उतरणारा प्रकाश आणि खालीं थडगीं. जलरंगांत उजेड बहुधा वरून लावीत नाहींत; जेथें ऊन दाखवावयाचें, तेथील कागद कोरा राखावा लागतो.

चित्राच्या अग्रभागीं एक शिळा आहे. तिच्यावर लॅटिन भाषेंत अक्षरें आहेत: ‘विल्यम टर्नर, नातुस १७७५’. ‘नातुस’ म्हणजे जन्मलेला. आपल्या ‘जात’ शब्दाचा हा सख्खा बंधूच. चित्रकाराचें वय तेव्हां अवघें २१ वर्षांचें. लंडनमधील एका न्हाव्याचा हा मुलगा. बाप आपल्या दुकानाच्या खिडकींत त्याचीं चित्रें विक्रीस मांडीत असे. त्या मुलानें राजेरजवाड्यांच्या पंक्तीला आपली शिळा मांडावी, हा पुष्कळांस गर्व वाटेल. मला तसें वाटत नाहीं. शिळेवर मृत्यूचें साल नाहीं. तेवढा दगड, ऊन पडलेल्या कागदासारखा, कोरा ठेविला आहे.

हें उपमंदिर ज्याच्या नांवानें ओळखतात, तो मठाधिपति जॉन इस्लिप १५३२ सालीं वारला. त्यानें आपलें नांव श्लेषानें कोरविलें: एक डोळा आणि झाडावरून निसटणारा मनुष्य. इंग्रजींत डोळ्याला ‘आय’ आणि निसटण्याला ‘स्लिप’ म्हणतात! टर्नर मात्र त्या जागीं निजला नाहीं. १८५१ सालीं तो वारला, तेव्हां त्याला सेंट पॉलच्या मंदिरांत पुरलें.

नांव मागें राहावें ही इच्छा सर्वत्र एकच; तें कोठें राहावें, हें देशपरत्वें बदलतें. आपल्या अस्थि गोदावरींत जातात. नांवाला दगड उरत नाहीं. आपल्या घरांतून नांवें राहतात तीं भांड्यांवर. गेल्या मार्गशीर्षांत माझी पत्नी निवर्तली. पुढें जुनीं तांब्यापितळेचीं भांडीं मोडींत घालावीं, असा विचार मुलांनीं काढला. तो व्यवहाराला धरूनच होता. मीं फक्त एक तांब्या मागून घेतला. तो तिच्या आईनें लग्नांत दिलेला. त्याच्या गळ्यापाशीं तिचें नांव आणि लग्नाचें साल, एवढेंच कोरलेलें आहे. पुढचें साल घालून घ्यावें काय, असें थोरल्यानें विचारलें. मीं नको म्हटलें. नातवंडें त्याच तांब्यानें पाणी पितात. धाकटी सून तो चिंचेनें घासते, तेव्हां अक्षरें थोडीं झिजतात आणि लख्ख उजळतात.