कारगिलच्या अंगणातले जर्दाळू

रमजानमध्ये इफ्तारच्या ताटात खजुराशेजारी सुके जर्दाळू असतात. ते बाजारातून येतात, एवढेच आम्हाला ठाऊक होते. त्यांचे झाड प्रथम पाहिले ते कारगिलला, ऑगस्ट महिन्यात.

श्रीनगरहून साधारण २०० किलोमीटरचा रस्ता. सोनमर्गपर्यंत डोंगर हिरवेगार. सुमारे ३५०० मीटर उंचीचा झोजिला ओलांडला, की ते एकदम उघडेबोडके होतात. पावसाचे ढग अलीकडेच अडतात. पुढे जिथे हिरवा पट्टा दिसतो, तिथे वितळलेल्या बर्फाचे पाणी पाटाने आणलेले असते. कारगिल सुमारे २७०० मीटरवर आहे. हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली उतरतो. तरीही अनेक घरांच्या अंगणात जर्दाळूची झाडे आहेत.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो, त्या हाजीसाहेबांनी चहाबरोबर सुके जर्दाळू पुढे ठेवले. म्हणाले, "हे गेल्या वर्षीचे. यंदा अल्लाहची मर्जी नव्हती." शेजारच्या छपरांवर फळे वाळत होती. यांच्या झाडाला पाने दाट, फळे मात्र बोटांवर मोजण्याइतकी.

"थंडीने झाड मरत नाही?" मी विचारले. ते हसले. थंडी तर झाडाला हवीच असते. पानगळीनंतर शेकडो तास कडक थंडी मिळाल्याशिवाय कळ्या नीट फुटत नाहीत. म्हणूनच आपल्या कोकणात जर्दाळू फळत नाही. घात होतो तो एप्रिलमध्ये. फुले उमलल्यावर पारा शून्याखाली दोन-तीन अंश गेला, तरी फुलाचा गाभा काळा पडतो. यंदा तशी एकच रात्र आली. फजरनंतर त्यांनी चार फुले उकलून पाहिली आणि वर्षाचा हिशेब कळला. सुक्या फळांतून नातीच्या शाळेचा खर्च निघायचा. यंदा त्यासाठी दोन मेंढ्या विकाव्या लागल्या.

पण हाजीसाहेब नशिबाला बोल लावत बसले नव्हते. शेजाऱ्याचे एक झाड चार दिवस उशिरा फुलते, म्हणून ते वाचले होते. त्याची काडी मागून आणून ते एका रोपावर डोळा भरत होते. सालीला उभा-आडवा छेद दिला, डोळा आत सरकवला. नातीने रोप धरले, त्यांनी पट्टी गच्च बांधली. बीपासून आलेल्या झाडाचे फळ कसे निघेल, बी गोड की कडू, सांगता येत नाही. इथला रक्तसे कार्पो हा पांढऱ्या कोयीचा, गोड बीचा वाण. २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तोही कलमानेच जपावा लागतो.

रोपाची जागा उतारावर होती, कारण थंड हवा पाण्यासारखी खाली वाहते आणि खोलगट भागात साचते. मोठ्या झाडाच्या खोडाला चुना लावलेला होता. हिवाळ्यात दिवसा उन्हाने तापलेली साल रात्री गोठून तडकू नये म्हणून.

"फळ कधी येईल?"

"तीन-चार वर्षांनी, इन्शाअल्लाह."

आधी उंट बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, या आशयाची प्रेषितांची (स.) शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. मला ती त्या अंगणात आठवली. मगरिबची अजान झाली. हाजीसाहेबांनी पट्टीची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली, मग ते वुजूला गेले.

निघताना त्यांनी गेल्या वर्षीच्या जर्दाळूंची पुरचुंडी हातात दिली. आम्ही नको म्हणालो. त्यांनी ऐकले नाही.