बेंटोटाचे चौकाचे घर

कोलंबोहून समुद्र उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे साठेक किलोमीटर गेले की बेंटोटा येते. त्याच्या थोडे अलीकडे बेरुवला लागते. अरब व्यापाऱ्यांच्या येण्याजाण्यातून वसलेली श्रीलंकेतील ही फार जुनी मुस्लिम वस्ती. समुद्रात घुसलेल्या खडकाळ टोकावरची पांढरी केच्चिमलई मशीद लांबूनच दिसते. नारळी, तांबडी माती, कौलारू घरे, किनाऱ्यावर होड्या. अम्मी गाडीतूनच म्हणाल्या, "हे तर आपलं हर्णैच आहे की!"

आम्हाला जायचे होते लुनुगंगेला. श्रीलंकेचे नामवंत वास्तुकार जेफ्री बावा (१९१९–२००३) यांनी रबराचा जुना मळा विकत घेऊन चाळीसहून अधिक वर्षे घडवलेली ही बाग. आडनाव ओळखीचे वाटते ना? त्यांचे आजोबा अहमदू बावा हे गॉल शहरातले मुस्लिम वकील. वडीलही वकील आणि जेफ्री स्वतःही आधी वकीलच. मन रमले नाही, म्हणून लंडनला जाऊन वास्तुकला शिकले आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी वास्तुकार झाले. पुढे श्रीलंकेची कोट्टे येथील संसद त्यांनी बांधली, आणि २००१ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्काराचा विशेष जीवनगौरव त्यांना मिळाला.

बाग सुंदरच आहे, तलाव आहे, पण तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आमचे लक्ष होते तिथल्याच एका घरावर. कारणही सांगतो. गावच्या आमच्या पडक्या घराच्या जागी नवे घर बांधायचे आहे आणि त्याचा प्लॅन गेले वर्षभर आमच्यात वादाचा विषय झाला आहे. अम्मींना मध्ये चौक हवा. इंजिनियर म्हणतात, चौक म्हणजे जागा फुकट.

हे घर मुळात कोलंबोतले. बाटिकच्या कलावंत एना डिसिल्व्हा आणि त्यांचे पती, पोलीस महानिरीक्षक राहिलेले ओस्मंड डिसिल्व्हा, यांच्यासाठी बावांनी ते १९६० ते १९६२ या काळात बांधले. तेव्हा तिथल्या सुखवस्तू लोकांची रीत इंग्रजी बंगल्याची होती. मधोमध घर, भोवती बाग, आणि सारे रस्त्यावरून दिसणारे. एनाबाईंना जुन्या सिंहली घरांसारखा चौक हवा होता, पण राहणी आजची. जागा शहरातली, आखडलेली. बावांनी बंगला उलटा केला म्हणा ना: कडेने उंच भिंत, आणि बाग घराच्या आत. मध्ये मोठा चौक, कडेला लहान लहान अंगणे, त्यांच्याभोवती पडव्या आणि खोल्या.

आत पाऊल टाकले आणि अम्मी थबकल्या. चौकात झाड, त्याखाली जात्यापाट्यांचे जुने दगड मांडलेले. चारी बाजूंनी लाकडी खांब, दगडी बैठकीवर उभे, म्हणजे ओल लाकडापर्यंत चढत नाही. वर नळीची कौले, वळचण चांगली खाली उतरलेली. बैठकीची खोली कुठे संपते आणि पडवी कुठे सुरू होते, ते सांगता येत नाही. मधे भिंतच नाही. वारा एका अंगणातून शिरतो आणि दुसऱ्यातून निघून जातो.

दुपारी पाऊस आला, तिकडचा येतो तसा एकाएकी. आम्ही उठायला लागलो तर दाखवणारा मुलगा म्हणाला, बसा. खरोखरच पागोळ्या आमच्यापासून चार हातांवर पडत होत्या आणि आम्ही कोरडे. तुषार मात्र येतात, हे खोटे कशाला सांगावे. पुस्तकांचे कपाट काही तिथे ठेवता येणार नाही.

आम्हाला सर्वांत जास्त पटली ती भिंत. मोकळे घर म्हटले की काचेच्या भिंती आणि मग दिवसभर ओढलेले पडदे, असे नवे बंगले आपण पाहतो. इथे घरातली बाई डोक्यावरची ओढणी न सावरता आकाशाखाली बसू शकते, कपडे वाळत घालू शकते, मुले पावसात भिजू शकतात आणि बाहेरून कोणाची नजर पडत नाही. बावांनी हे पडद्यासाठी केले असे नव्हे. पण आपल्या जुन्या घरांतली आजी ज्या कारणासाठी माजघराच्या मागल्या अंगणात बसायची, ते कारण इथे पुरते सांभाळले गेले आहे.

एनाबाई पुढे मातलेजवळच्या अलुविहारे या आपल्या गावी राहायला गेल्या. कोलंबोची ती जागा विकली गेली तेव्हा घर पाडले जाणार हे उघड होते. मग २०१० च्या सुमारास दगड, खांब, दारे यांची क्रमवार नोंद करून ते सोडवले, इथे आणले आणि पुन्हा उभे केले. २०१६ पासून ते लोकांसाठी खुले आहे. आमच्या घराचे सागवानी खांब गेल्या वर्षी भंगारवाल्याच्या टेंपोत चढले, तेव्हा कोणी खडूने आकडे घातले नव्हते. अम्मी त्यावर काही बोलल्या नाहीत. नुसत्या खांबावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

इंजिनियरांची एक अडचण रास्त आहे: कौले गळतात, वानरे फोडतात. बावांनी पुढे अनेक इमारतींत पन्हाळी सिमेंटच्या पत्र्यांवर नळीची कौले बसवली. कौल सरकले तरी पाणी आत येत नाही. त्या काळचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे, ते आता वापरू नयेत. दुसरे पत्रे मिळतात. दुसरी अडचण चोरांची. चौकावर लोखंडी जाळी टाकली तर चालेल का, यावर परतीच्या वाटेवर कळुतरापर्यंत वाद झाला.

निघण्यापूर्वी अम्मींनी चौक पावलांनी मोजला, लांबी आणि रुंदी दोन्ही, आणि आम्हाला प्लॅनच्या मागच्या बाजूला लिहून घ्यायला लावले. आमच्या जागेत त्याच्या निम्मा बसेल. त्यासाठी हॉल लहान करावा लागेल.